डब्ब्याच्या मागची स्टेपनी

९ नोव्हेंबर

आणि पुन्हा तेच! "पैसे नको, तू ये." एवढं बोलून बाबानं फोन दिव्याकडे देऊन टाकला. बहीण म्हणते, दादा, मनावर नको घेऊ. मग कुठी घेऊ? मागच्या महिन्यात पाठवले, तर म्हाताऱ्यानं तिच्याच हातून वापस केले — फोनवरून! बाकी फोनमधलं काही येत नाई त्याले. वापस कराले बरोबर शिकला.

धान कापाले माणूस पाह्यजे, एवढंच आहे. मी म्हणलो, बाबा, मी इथी घुग्घुसले मिस्त्री आहो. तर म्हणते, "मिस्त्री तो लटारू. तू त्याची वेल्डिंगची काच पकडते."

दुकानातले सगळे ऐकत होते. फोनचा आवाज मोठा आहे माझ्या.

१० नोव्हेंबर

आमच्याकडे टिप्पर येतात, ट्रॉल्या येतात, एकदा कोणाचा तरी पाळणा आला होता. आज डब्बा आला. पांढरा, जीपच्या मागं ओढायचा. आत गादी, गॅस, संडास! चंद्रपूरचे अतुलभाऊ जंगल पाहाले येणाऱ्या लोकांले भाड्यानं देतात. घरी तीन खोल्या असलेला माणूस पैसे देऊन डब्ब्यात झोपते. आम्ही एका खोलीत पाच जण फुकट झोपतो. अडाणी आम्हीच.

बिमारी मागं आहे. बंपरवर स्टेपनीचा कॅरियर — एका बाजूनं दरवाज्यासारखा उघडते. त्याचं वेल्डिंग चिरलं. चाक एका कानावर लटकून राह्यलं. गाडी चालली का खडखड.

१२ नोव्हेंबर

लटारू मिस्त्रीजवळ एकच औषध — लोखंडाचा अँगल. तुटलं? अँगल लावा. पुन्हा तुटलं? मोठा अँगल लावा. तीस वर्षं कोळशाच्या टिप्परले ठिगळं लावली, आता त्याले जगात टिप्परच दिसतात. डब्ब्याच्या बंपरची पाइप पापडासारखी, तिच्यावर टिप्परचा अँगल!

मी म्हणलो, मिस्त्री, वजन लय होईल.

"निकेश, तुले तोलाले ठेवलो का जोडाले?"

खडखड बंद कराले खाणीतल्या जुन्या पट्ट्याचा रबर कापून मधात टाकला — ज्या पट्ट्यावरून कोळसा जाते, तो. गप्प झालं एकदम. आयडिया माझी! मिस्त्रीनं अतुलभाऊले आपली म्हणून सांगितली. चहा त्यालेच आला.

१५ नोव्हेंबर

डब्बा वापस. अँगलले काही नाई झालं. बंपरच वाकला!

मिस्त्री खूश. "पाह्य, माझं वेल्डिंग गेलं का?" पेशंट मेला, टाके शाबूत.

अतुलभाऊची फिकीर वेगळीच. लहान चाक फोटोत चांगलं नाई दिसत म्हणे. कोण्या तरी जुन्या जीपचं मोठं चाक घेऊन आले, त्याच्यावर वाघाचं तोंड छापलेलं कव्हर. मी लावून पाह्यलं — डब्ब्याच्या बोल्टाले ते बसतच नाई!

"भाऊ, पंक्चर झालं तर?"

"झालं तर तुले फोन करतो ना."

म्हणजे स्टेपनी मी.

१६ नोव्हेंबर

बाबाले सांगून टाकलं. रागात सांगितलं. म्हणलो, टिप्पर-बिप्पर सोडा, मी आता झोपायच्या गाडीचं काम करतो, अर्ध्या चंद्रपुरात कोणाले येत नाई. बाबा म्हणे —

"चाक कुठी बांधलं?"

"मागं."

"मंग बंडी उलार झाली तुही."

मागं वजन झालं का पुढची दांडी वर उठते, त्याले उलार म्हणतात. आमच्या गावात बोलाले शिकायच्या आधी लेकराले हे माहीत असते. पण ही काय बैलाची बंडी आहे?

"बाबा, लोखंड आहे हे, लोखंड!"

"लोखंड हलकं असते का?"

फोन ठेवला. मी ठेवला! पह्यल्यांदा मी.

१९ नोव्हेंबर

संधी आली. अतुलभाऊ डब्बा घेऊन आलापल्लीकडे चालले, नवीन जागा पाहाले. सोबत माणूस पाह्यजे. मी म्हणलो, भाऊ, आमचं गाव मुलचेऱ्याच्या अलीकडे, पाण्याची बोडी आहे, काठावर मोहाची सावली, रात्री आवाज नाई का काही नाई. त्यांनी डोळे बारीक केले. "वाघ?" मी म्हणलो, येते कधी कधी. एका वाघानं काम झालं!

मले दुसरं काही नको. बाबाच्या दारासमोरून डब्बा गेला पाह्यजे, मागं मी केलेला कॅरियर, आणि काही तुटाले नको. बस. एवढं झालं का मंग म्हणून दाखवा, काच पकडते!

२२ नोव्हेंबर

मिस्त्री सासरी गेला, लग्न आहे. कॅरियर मी एकट्यानं केला. बंपरचा भरोसा सोडला, दोन अँगल सरळ चेसीपर्यंत नेले. बिजागरी नवी, पिन नवी, ग्रीस. मग स्वतः लटकलो. उड्या मारल्या. केसभर नाई हललं!

वजन वाढलं जरा. वाढू दे. अँगल लावल्याशिवाय जमतच नाई — मीबी लटारूच झालो का काय?

२४ नोव्हेंबर

निघालो. जरा जोरात गेलं का डब्बा मागून शेपूट हालवते. अतुलभाऊ विचारतात, "हे नाचते काऊन?"

"रोड खराब आहे भाऊ."

रोड नवा होता.

२६ नोव्हेंबर, गडचिरोली, दवाखाना

लिहाले बसलो तर हात काळेच आहेत अजून.

काल दुपारी गावात पोचलो. तुटलं नाई! दारासमोरून गेलो, हॉर्न वाजवला, बाबा अंगणात उभा. बोडीजवळ डब्बा सोडवला, अतुलभाऊ जीप घेऊन मुलचेऱ्याले मासोळी आणाले गेले. आणि सारं गाव आलं. माय आत, दिव्या आत, शेजारची रंभाबाई आत — सहा-सात बाया मागच्या गादीवर बसून दाबून पाहून राह्यल्या. "अगो, हे तर बुडते!" रंभाबाईले संडासाचं झाकण काही केल्या पटत नव्हतं — "जेवते त्याच खोलीत?" मी बाहेर भाव खात उभा. मागचे दोन टेकू खाली सोडाले पाह्यजे होते. राह्यले. भाव खाताना कोणाले सुचते!

बाबा सगळ्यांत शेवटी आला. समोर नाई गेला, सरळ मागं. वाघाच्या तोंडावर थाप मारली. अँगलवरून बोट फिरवलं, जोड पाह्यला, वाकून खालूनबी पाह्यला.

"हे तू केलं?"

"मी."

"चांगलं केलं."

हे दोन शब्द बोलला. मी ऐकलं. मग मान हलवली — "पण उलार आहे." आणि बंडी भरल्यावर पाहतात तसं, चाकाले दोन्ही हातानं धरून अंग खाली टाकलं.

दांडी उठली. पूर्ण डब्बा मागं बसला. आत बाया किंचाळल्या, भांडे पडले, आणि माझा अँगल बाबाच्या पायावर.

बाबा ओरडला नाई. म्हणे, "म्हणलो नाई का तुले?" मग म्हणे, "पह्यले त्या बायांले उतरव."

घोट्याच्या खाली दोन हाडं. प्लास्टर झालं. डॉक्टर म्हणे, दोन महिने पाय टेकायचा नाई. बाबा त्याले विचारते, "मंग धान?" 

मी केलेला जोड शाबूत. केसभर नाई हलला.

२७ नोव्हेंबर

लटारू मिस्त्रीचा फोन. मी सारं सांगितलं — बाबा, पाय, प्लास्टर. ऐकून घेतलं.

"वेल्डिंग तुटलं का?"

"नाई."

"मंग?"

आज मी ठेवला फोन. बाबा खाटेवरून पाहून राह्यला होता. हसला वाटते. का दुखत होतं, समजलं नाई.

३ डिसेंबर, गाव

धानाची खालची बांधी मी कापली, वरची उद्या. अतुलभाऊचा फोन आला, तब्येत विचारली — डब्ब्याची. शिडी वाकली, मागचा लाल लाइट फुटला, त्याचे कोण देईल? बाबा म्हणे, "देऊन टाक, त्याचं नको ठेवू." आता पैसे इथून तिकडं पाठवून राह्यलो — दोन हजार आठशे.