करड्या रंगातली आजी

प्रिय ताई,

तुझं पाकीट येऊन तीन आठवडे झाले. उत्तर नाही म्हणून चिडली असशील, चीड. आधी नोकरीचं सांगतो. सोडली. दादाला इतक्यात कळवू नकोस, त्याचं "मी म्हटलंच होतं" मला इथपर्यंत ऐकू येईल.

काम फोनवर बोलण्याचं होतं. एका हॉलमध्ये आम्ही चाळीस जण आणि तोंडापुढच्या माइकच्या स्पंजला आदल्या पाळीतल्या माणसाच्या थुंकीचा वास. देशोदेशी फोन लावायचा, मध्ये दुभाषी, आणि विचारायचं, दोन महासत्तांच्या चढाओढीत तुम्ही कोणाकडे? चौकटी तीनच. ही, ती, माहीत नाही. बेटावरचा एक मासेमार म्हणाला, दोघांच्याही बोटी आमची जाळी फाडतात, कुठल्या बोटीनं जास्त फाडली ते सांगू का? थंड देशातल्या एक मास्तरीणबाई म्हणाल्या, एकाची भीती वाटते, दुसऱ्याचा कंटाळा आलाय. मागे त्यांचा पोपट ओरडत होता, मी पाच मिनिटं पोपटाचीच चौकशी केली. असो. आणि डोंगरातली एक आजी. म्हणाली, "एकानं पूल बांधला, दुसऱ्यानं दवाखाना. पुलावरून मी दवाखान्यात जाते. आता कुठला मोडू, बाळा?"

मी हे सगळं शब्दन्‌शब्द लिहून दिलं. आमचा साहेब, ज्याला आम्ही चौकटमास्तर म्हणायचो, तो हसला. "राजा, कथा नको लिहूस, खूण कर." म्हणून आजीला 'माहीत नाही'त टाकलं. त्या खुणांचा नकाशा बनायचा, दोन भडक रंगांचा, आणि माहीत नाही म्हणजे करडा. शेवटच्या दिवशी मास्तर म्हणाला, करडा फार झाला, दोघांत वाटून टाक. आणि ताई, मी वाटला. आजीचा डोंगर माझ्या हातानं एकाच्या रंगात बुडवला. मग बाहेर जाऊन हात धुतले, तरी किळस जाईना. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणे! ज्यानं ही म्हण काढली, त्यानं तिसऱ्याला एकदा तरी विचारलं होतं का?

तुझ्या पाकिटातला कागद मी हे काम करत असतानाच वाचला होता. 'बाबा यापुढे ताईकडे राहतील', खाली माझ्या सहीची जागा. दादाचाही आलाय, तोच मजकूर, फक्त नाव त्याचं. तुम्हा दोघांच्या सोबतच्या चिठ्ठ्यांत एक वाक्य मात्र सारखं आहे. बाबांना आता काही कळत नाही, त्यांना काय विचारायचं? तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं. तुझ्या कागदावर मी सही करूनही टाकली होती, कारण लहानपणी तू माझे जास्त लाड करायचीस. बाबांना मीही विचारलं नाही. ती सही फाडून तुकडे सोबत ठेवलेत. गुरुवारी येतोय. बाबांजवळ बसून विचारीन आणि ते बोलतील तेवढंच लिहीन, पोपटासकट. ते म्हणाले की मला दोघंही हवेत, तर ती चौकट तुला आणि दादाला मिळून आखावी लागेल.

तुझाच, तरीही तुझ्या बाजूचा नसलेला,
भटक्या