गाडीवरचा बरा झालेला माणूस

९ जाने., गुरु.
सुनंदा सकाळीच ओसरीवर. गावची आशाताई ती, आरोग्याचं काम बघणारी. मला वाटलं बायकोच्या बीपीच्या गोळ्या द्यायला आली. त्या दिल्याच, पण म्हणाली, "सोनूबाबा, आज तुमचा आवाज पाहिजे." मनाच्या आजाराची माहिती लोकांना व्हावी म्हणून एक गाडी पाड्यापाड्यांत फिरणार आहे. गाडीवर कर्णा. त्यातून एक माणूस आमच्या बोलीत आपली गोष्ट सांगणार, आजारी कसा पडलो, बरा कसा झालो. तो माणूस मी व्हायचं. बोहाड्यात मुखवटे नाचायला निघाले की कोणतं सोंग येतंय ते इतकी वर्षं मीच ओरडून सांगत आलो, म्हणून तिने माझं नाव दिलं.
तिच्याकडे चित्रांचा तक्ता आहे. एका चित्रात माणूस गुडघ्यांत डोकं घालून बसलाय. ही चुलीपासून वाकून बघत म्हणाली, "हे तर आमच्याकडचे." सुनंदा हसली. मीपण हसलो.
"न्या त्यांना," ही म्हणाली. "घरात नुसत्या येरझाऱ्या चालतात."
हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. आता सुचतंय.
छातीची धडधड – सकाळी ठीक, जेवणानंतर वाईट.

१७ जाने., शुक्र.
आश्रमशाळेच्या कोठीत रेकॉर्डिंग झालं. खिडक्यांना पोरांची ब्लँकेटं बांधली होती. मी शिपाई होतो तेव्हा या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असायची. आज आत बसलो आणि कोणीतरी बाहेरून कुलूप लावील असं वाटत राहिलं.
रेकॉर्डिंगवाल्या मॅडम ठाण्याच्या. वयाने लहान, बोलायला गोड. कागद दिला. मी शाळेत वाचतात तसा वाचला. म्हणाल्या, "बाबा, कागद ठेवा बाजूला. शेजाऱ्याशी बोलताय असं बोला."
मग बोललो. झोप लागत नाही एवढं कागदावर होतं. पण उठून दाराची कडी बघायची, बघून आलं की परत बघायची, बायको पाण्याला गेली की ती विहिरीत पडलीच असं धरून बसायचं, भर उन्हात हात गार पडायचे, हे मी आपल्या मनाने घातलं. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. "किती खरं बोलता हो. कुठून सुचलं?"
म्हटलं, असंच.
पुढचं कागदाप्रमाणे. दवाखान्यात गेलो, डॉक्टरांनी ऐकून घेतलं, गोळ्या नेमाने घेतल्या, आता मी बरा आहे, तुम्हीही या.
म्हणजे अर्धं माझं, अर्धं त्यांचं. जोड कुठे आहे ते कोणाला ऐकू यायचं नाही.

३ फेब्रु., सोम.
गाडी आली. मी कुंपणाला काटे लावत होतो. वळणावरून एक म्हातारा बोलत येतोय असं वाटलं. मग कळलं, हा मीच. कोयता हातातच राहिला.
शाळेपाशी थांबून परत परत लावलं. नाव कुठेच नाही, पण या गावात माझा आवाज कोणाला सांगावा लागतो? देवराम मास्तर आले. रिटायर झाल्यापासून त्यांना गावात फिरायला वेळ आहे. "सोन्या, भिंतीला भिंत लागून राहतो, कधी बोलला नाहीस. तरी म्हटलं हा दार इतक्यांदा का बघतो."
"मास्तर, ते कागदावरचं होतं."
"असू दे रे. त्यात लाजायचं काय? बरा झालास ना." पाठीवर थाप मारून गेले.
सगळेच चांगलं बोलले. कोणी हसलं असतं तर भांडता आलं असतं.
ही भाकरी थापताना म्हणाली, "गाडीवर बरे झालात. घरात कधी होणार?"
छा. – वाईट.

६ फेब्रु., गुरु.
मनाचा डॉक्टर जव्हारला गुरुवारी बसतो. गाडीवर मीच सांगतो तसं. आज हिला न सांगता निघालो. जीपमध्ये शेजारी खालच्या पाड्याचा एक जण. आवाजावरून ओळखलं त्याने. "तुम्हीच ना ते? आमच्या वहिनीला ऐकवलं. आज कुठं?"
"बाजाराला."
त्याचंही दवाखान्यातच काम होतं. फाटकापर्यंत सोबत आला, मी तसाच पुढे गेलो. लसूण आणि काडेपेटी घेऊन घरी आलो. ही म्हणाली, "लसूण हाय की घरात."
मी रांगेत दिसलो तर लोक म्हणतील, गाडीवरचाच म्हातारा परत आला, मग औषधाचा उपयोग काय. आणि नाही गेलो तर हे असंच.
बोहाड्यात सोंग उतरवलं की माणूस घरी जाऊन भाकर खातो. हे कोणाच्या हातात उतरवून द्यायचं?

११ फेब्रु., मंगळ.
यमुना आली. गावचीच पोर, दिली ती सूर्यमाळकडच्या पाड्यात. सोबत नवरा, लहानू. भिवंडीला गोदामात होता, तिकडून आला तो असाच, म्हणाली. भिंतीकडे तोंड करून बसतो. कोणी नाही तरी कानाला बोलणं ऐकू येतं. जेवणात काही घातलंय म्हणून ताट सारतो. भगत झाला, कोंबडं झालं. दवाखान्याचं नाव काढलं की उठून रानात जातो.
"पण काका, तुमचं बोलणं गाडीवर आलं तसा हा भिंतीकडून वळला. परत लावा म्हणाला."
लहानू माझ्याकडे बघत होता. मग बोलला. "मामा, तुमाला बी कोनी झोपू देत नवतं?"
म्हटलं, "नाही." हे खरं.
"मग बरे झाले?"
यमुना पदर तोंडात धरून बसलेली. ही दारात उभी. मी म्हटलं, "झालो."
"मग जातो," म्हणाला.
एवढंच. इतके लोक सांगून थकले आणि माझ्या एका शब्दावर हा तयार झाला.

१४ फेब्रु., शुक्र.
काल लहानूला दाखवलं. गोळ्या दिल्या. सुनंदा सांगायला मुद्दाम आली. "बाबा, तुमच्यामुळे."
धीर करून म्हटलं, "सुनंदा, समजा एखाद्याने गाडीवर सांगितलं, पण त्याला स्वतःला अजून…"
ती हसायला लागली. "बाबा, तुम्ही सोंगात अडकले. आता पेशंटसारखं बोलताय."
मी तिला चहाचं विचारलं.

५ मार्च, बुध.
यमुनाचा फोन. लहानू पोटभर जेवतो. परवा टाकीवर हंडे भरायला स्वतः गेला, पाण्याची वरती आताच ओढ सुरू झालीय. "काका, आज हसला. काय झालं माहीत नाय, पण हसला."
चांगलं वाटलं. खोटं कशाला लिहू, मत्सरही वाटला.
ही पाण्याला गेली होती, तिला उशीर झाला. मी विहिरीपर्यंत पळत गेलो. ती बायकांत बसून गप्पा मारत होती. सगळ्यांसमोर म्हणाली, "आले बघा माझे पोलीस." बायका हसल्या.
छा. – फार वाईट.

१४ मार्च, शुक्र. धूळवड
शिमग्याला यमुना माहेरी आली, लहानूही. अंगावर माणसासारखं मांस आलंय त्याच्या. ओसरीवर बसला, चहा घेतला. मग म्हणाला, "मामा, एकदम ठीक हाय आता. गोळ्या बंद करतो."
यमुनाने माझ्याकडे बघितलं. म्हणजे हे तिकडे भांडून झालंय.
"डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं का?"
"नाय. पण तुमी बरे झाले, तुमी घेता का अजून? नाय ना. मग?"
याचं उत्तर कागदावर नव्हतं. सुनंदा मागे म्हणाली होती, बरं वाटतं म्हणून मधेच सोडल्या की पुष्कळांचं परत उलटतं. ते डोक्यात आलं आणि तोंडातून गेलं, "घेतो की. रोज घेतो."
"दाखवा."
चेष्टेने म्हणाला की संशयाने, कळलं नाही. ताट सारताना करत असेल तसं तोंड केलं त्याने. आत गेलो, फडताळातून हिच्या बीपीच्या गोळ्या घेतल्या. हिने बघितलं.
"माझी पांढरी हाय. ही गुलाबी."
"माणसागणिक वेगळी असते."
"मग घ्या माझ्यासमोर. मी घेतो तुमच्यासमोर."
दोघं एका तांब्यातून पाणी प्यायलो. यमुना रडायला लागली. लहानू खूश. म्हणाला, पुढच्या गुरुवारी माझी तारीख हाय, जव्हारला दोघं सोबतच जाऊ.
ते गेल्यावर मला चक्कर आली. आडवा झालो. ही उशाशी बसून म्हणाली, "माझी गोळी तुम्ही खाल्ली. आता तुमचं भ्या मी खाऊ काय?"
पण कपाळावर हात ठेवून बसली होती.

२० मार्च, गुरु.
आलो जाऊन. नीट लिहायला जमेल का बघतो.
लहानू स्टँडवर आधीच उभा. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपाशी मी पुढे, तो माझ्या मागे, खांद्याला लागून. आतल्या बाईने विचारलं, "बाबा, जुने की नवीन?"
जुना म्हटलं असतं तर कागद मागितला असता. घरी विसरलो म्हटलं असतं तर वहीत नाव शोधलं असतं. हे सगळं मी जीपमध्ये बसून ठरवत होतो, काहीच ठरलं नव्हतं. मागे रांग. बाई परत म्हणाली, "जुने की नवीन?"
"नवीन."
मागून खांद्यावरचा भार गेला. वळून बघायची हिंमत झाली नाही.
डॉक्टरीणबाई आहेत. मी दोन वाक्यं बोललो तोच म्हणाल्या, "तुमचा आवाज ओळखीचा आहे." मग सांगून टाकलं सगळं. कडी, विहीर, हात गार पडणं. त्या म्हणाल्या, "हे तर तुम्ही गाडीवर सांगताच. आम्हाला वाटलं लिहून दिलंय."
"ते लिहून दिलेलं नव्हतं," म्हटलं. "पुढचं लिहून दिलेलं."
हसल्या नाहीत. बराच वेळ विचारत होत्या. हा आजारच आहे म्हणाल्या, माझा स्वभाव नाही. गोळी दिली. लगेच फरक दिसणार नाही, काही आठवडे लागतील, घाई करू नका म्हणाल्या. लहानूचं सांगितलं तर म्हणाल्या, त्याच्याशी मी बोलते, पण तो तुमचंच ऐकतो असं दिसतंय.
बाहेर आलो. त्याचंही झालं होतं. स्टँडपर्यंत चाललो. बाकावर बसून चहा घेतला. त्याची खोडाळ्याकडची एसटी लागली तेव्हा उठला आणि म्हणाला, "मामा, म्हंजे बरा झालेला मानूस कोनी नायच."
रागाने म्हणाला नाही. हिशेब लागल्यासारखं म्हणाला.
मी तोंड उघडलं. एसटी गेली.

२१ मार्च, शुक्र.
त्याच्या हातात गोळ्यांची पिशवी होती का? चहाच्या बाकावर ठेवली होती हे आठवतं. एसटीत चढताना दांडीला धरलेला एक हात आठवतो. दुसरा आठवत नाही.
कालपासून तेच. डोळे मिटून परत परत एसटी बघतो. सकाळी जव्हारला जाऊन चहावाल्याला विचारून आलो. त्याला काही सापडलं नाही. म्हणजे पिशवी लहानूने नेली. किंवा कोणी उचलली. किंवा त्याने वाटेत टाकली.
यमुनाचा फोन लागत नाही. वरती रेंज नसते, आणि बाया पहाटेपासून पाण्यावर.
माझी गोळी घेतली काल. हिच्यासमोर. ही म्हणाली, "आता ही तरी तुमचीच ना?"

२६ मार्च, बुध.
सुनंदाने तिकडच्या आशाताईला विचारलं. निरोप आला. लहानू घरी आहे. बोलत फारसा नाही. गोळ्या घेतोस का म्हटलं तर घेतो म्हणाला. यमुनाने पाकीट बघितलं नाही, लपवून ठेवतो.
घेतो म्हणाला. मीही म्हणालो होतो.
सुनंदाला आता सगळं माहीत आहे. मीच सांगितलं. ती ओसरीवर बसून म्हणाली, "बाबा, मी हसले होते तेव्हा." म्हटलं, जाऊ दे. गाडी थांबवू का म्हणून विचारत होती. म्हटलं थांबवू नको, रांगेत माणसं वाढलीत ती मी बघितली. मग रेकॉर्डिंग बदलू का? म्हटलं, बदलून काय बोलू?
देवराम मास्तरांना कुठून कळलं कोण जाणे. आज भिंतीवरून म्हणाले, "सोन्या, मलापण झोप नाही लागत. गोळीने लागते का?" म्हटलं, अजून कळत नाही. "कळलं की सांग," म्हणाले.
गोळी रोज चालू आहे. कडी कमी बघितली असं ही म्हणते. मला तसं वाटत नाही, पण ती मोजत नसली तरी तिला कळतं. घाई करू नका म्हणाल्या डॉक्टरीणबाई. मला आयुष्यात कशाची एवढी घाई झाली नव्हती. मी बरा झालो तर वर जाऊन त्याला तोंड दाखवता येईल. तोवर तो थांबेल का?
ही म्हणते, बरं व्हायची वाट कशाला बघता, आत्ता जा. भाकरी बांधून देते म्हणाली.
उद्या पहिल्या गाडीने निघायचं ठरवलंय. माझं पाकीट घेऊन. त्याच्यासमोर बसून घेईन, या वेळी माझी. तो विचारणार, मामा, बरं वाटतं का? हो म्हटलं तर त्याला कळेल, माझा आवाज आता तो ओळखतो. आणि खरं सांगितलं, की अजून धडधडतं, तरी घेतोय, तर एवढ्यावर तो त्याची गोळी घेईल का? जाऊनच कळेल.