प्रबोधरावांचं मत

यिशुन, सिंगापूर, ४ जानेवारी २०२६

ती. सौ. ताईस, सा. न.

फोनवर हे बोलवणार नाही, म्हणून लिहितो. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत काम करणारी श्रिया दर रविवारी आमच्याकडे जेवायला येते. नीताला ती फार आवडते. काल कळलं, ती प्रबोधरावांची मुलगी.

तीस वर्षांपूर्वी राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार म्हणून बाबांनी पक्षाविरुद्ध मत दिलं. मतदान गुप्त होतं. आपला उमेदवार एका मताने पडला. प्रबोधरावही आपल्याच पक्षाचे आमदार. आदल्या दिवशी आई आजारी म्हणून ते, पक्षाने सगळ्या आमदारांना ठेवलेल्या हॉटेलातून घरी जाऊन आले होते, एवढ्यावरून संशय त्यांच्यावर गेला. त्यांना पुन्हा तिकीट मिळालं नाही. बाबा गप्प राहिले. बाबांच्या मताने निवडून आलेल्याच्या कंपनीच्या जहाजावर मी महिन्याभरात नोकरीला लागलो. खरं काय ते बाबांनी आपल्या दोघांनाच सांगितलं.

प्रबोधराव याच महिन्यात इथे येत आहेत. मी त्यांना सांगणार आहे. आधी ताईंना विचारा, असं नीताचं म्हणणं.

हे वाचूनही लोभ राहू दे.

निशिकांत

कराड, १५ जानेवारी

चि. निशिकांतास अनेक आशीर्वाद.

लग्न ठरवतानाही मला न विचारणारा तू, आता परवानगी मागतोस. ती नाही. माझा प्रतीक जिल्हा परिषदेला उभा आहे. त्याच्या पत्रकावर बाबांचा फोटो आहे, खाली ‘निष्ठावंत’. तो शब्द मीच सुचवला. लाज मलाही वाटते, पण पत्रकं वाटून झाली आहेत.

बाबांनी स्वतःसाठी काही घेतलं नाही, तुझ्यासाठी घेतलं. मग बोलून मोकळं व्हायचा हक्क तुलाच कसा?

तुझ्या अनीशला तिळगूळ पाठवला आहे. रागावलास तरी लिहीत जा.

तुझी ताई

यिशुन, २७ जानेवारी

ती. सौ. ताईस, सा. न.

तुझं ऐकलं नाही. रविवारी हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, श्रिया कॉफीच्या रांगेत होती, तेवढ्यात प्रबोधरावांना सांगून टाकलं. त्यांनी चष्मा पुसला. पोरीला सांगितलंस का, एवढंच विचारलं. नाही म्हणालो.

“मग सांगू नकोस. ते मत मीच दिलं, असं मी तिला सांगितलंय.”

अनेक वर्षं ते नाकारत होते. कुणी मानलं नाही, बायकोनेही नाही. मग शाळेत श्रियाला कुणी गद्दाराची मुलगी म्हणालं. तिने घरी येऊन विचारलं, तेव्हा ते म्हणाले, हो, दिलं. आपला उमेदवार लायक नव्हता म्हणून दिलं. दुसऱ्या दिवशी ती ताठ मानेने शाळेत गेली.

श्रिया कॉफी घेऊन आली. तिच्या बाबांनी मताची गोष्ट सांगितली का, असं तिने मला विचारलं. हो म्हणालो. अशी माणसं आता राहिली नाहीत ना काका, म्हणाली. नाही राहिली, मी म्हणालो. प्रबोधराव कपात बघत होते.

ताई, प्रतीकला आता भीती नाही. त्यांनी गप्प राहायला सांगितलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्या क्षणी स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी मला बाबांचीही कधी वाटली नव्हती.

या पत्राला उत्तर नको.

तुझा,
निशिकांत