पत्ता नको, जन्मतारीख विचारा

१२ जानेवारी

आज औषधाच्या दुकानात काउंटरवर मूठ आपटली मी! खोकल्याच्या बाटल्या धडाधड खाली. रांगेत दहा माणसं, आणि काउंटरवरची ती बेरिल केकाटतेय, "नोरीन, पत्ता सांग गं, मग पिशवी देते."

"कागदावर लिहून देते," म्हटलं.

"अगं, सगळ्यांनाच विचारते मी. राजवाड्यात राहतेस का?"

पत्ता म्हणे! नवऱ्याला, त्या डंकनला, सापडू नये म्हणून वर्षात तीन घरं बदलली. त्यानं माझं डोकं हीटरवर आपटलं, तेव्हापासून फिट्स येतात. फिट्सच्याच ह्या गोळ्या. एक चुकली की मी जमिनीवर. आणि त्या मिळवायला पत्ता अख्ख्या हॅलिफॅक्स गावाला ओरडून सांगायचा!

१५ जानेवारी

थंडीनं जबडा ठणकतोय. डंकननं माझ्याच वाढदिवशी मोडला होता. केक करपला म्हणून! आधी मेणबत्त्या लावल्या, गाणं म्हटलं, मग हाणलं मेल्यानं.

२० जानेवारी

दुकानातल्या फार्मासिस्टना, हॅरोल्डना, आतल्या खोलीत सगळं सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरवर माझ्या नावापुढे टाकलं – पत्ता विचारू नये, जन्मतारीख विचारावी. सुटले बाई!

बेरिल डोळे पुसत म्हणाली, "मला काय माहीत गं पोरी! माझा पहिला नवराही तसलाच. तव्यानं हाणला, तेव्हा सुटका झाली."

दोघी खो खो हसलो. कित्येक महिन्यांनी हसले मी.

९ फेब्रुवारी

गोळ्या आणायला गेले. काउंटरवर बदलीची बाई. "अहो, शनिवारी तुमचे भाऊ घेऊन गेले की! किती गोड बोलतात! सूचना होती तशी जन्मतारीख विचारली. घडाघडा सांगितली त्यांनी."

आतून आलेली बेरिल पांढरीफटक. पत्ता विचारला असता तर डंकन तोंडात मारल्यासारखा परत गेला असता. त्याला तो ठाऊकच नव्हता. गावातली सगळी औषधाची दुकानं पालथी घातली असणार त्यानं. आणि पिशवीवर पत्ता छापलेला असतो!

मला भाऊ नाही.

१० फेब्रुवारी

सकाळी दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली. गोळ्या शाबूत. सोबत केकवरची एक मेणबत्ती.

पोलिसांना फोन केला. निघालोय म्हणाले. मी तवा घेऊन दारामागे बसलेय.

बेल वाजली. ये, मेल्या!