बंद पडलेल्या इंजिनाला पहिला नंबर

सीपरी बाजार, झाशी

प्रिय जगन्नाथदादा यांना धाकट्या मेहुण्याचा, विश्वंभरचा, नमस्कार.

तुमचा गुडघा आणि वहिनींचं ब्लडप्रेशर आपापल्या जागी असेल, अशी आशा. एकाच झाशीत सीपरीहून ओरछा गेटला पत्र टाकणारा मीच पहिला, असं पोस्टातले भैयाजी म्हणाले. पण कल्याणी माझा फोन घेत नाही, आणि तुमचाही तीच कापते. ती रागावून माहेरी का आली, याबाबत माझी बाजू अशी.

निवृत्तीनंतर मुग्धाने (आमची कन्या, बापाला छंद हवा, हे तिचं मत) मला रेल्वेप्रेमींच्या एका ऑनलाइन गटात घातलं. तिथे आवडती पाच इंजिनं क्रमाने लिहायची होती. छत्तीस वर्षं इंजिनं चालवलेली, पाच नंबर लिहून मोकळा झालो. लगेच गटप्रमुख केयूरजींचा (वय बावीस, मुक्काम पुणे) हुकूम आला, "काका, कारणांशिवाय यादी चालत नाही." सिग्नल लाल असताना वाद घालणाऱ्यांतला मी नव्हे. लिहिली कारणं. पाचवं, भोंगा गोड. चौथं, पावसात छत गळत नसे. असं करत पहिलं : १९८५ साली मी भुसावळला मुलगी बघायला निघालो, तेव्हा हे झाशी सुटल्या सुटल्या बबिन्याला बंद पडलं. मी पोचलो नाही, त्या मंडळींनी नाद सोडला, आणि वर्षभरात तुमच्या दारी बोहल्यावर चढलो.

केयूरजींनी 'हे तांत्रिक कारण नाही' असा शेरा मारला. बाकीच्यांनी चारशे बदाम पाठवले. मी खूश होऊन कल्याणीला सगळं वाचून दाखवलं. कणीक मळता मळता तिने विचारलं, "म्हणजे इंजिन चाललं असतं तर?"

मी खरं ते सांगितलं. "तर वेळेवर पोचलो असतो."

तिने हात धुतले, बॅग भरली आणि ई-रिक्षा बोलावली. तीन दिवस ब्रेड खातोय. घर इतकं शांत चाळीस वर्षांत कधी नव्हतं. आवडलं नाही. (याचं कारण मागू नका.)

वहिनींना नमस्कार.

आपला,
विश्वंभर

ता. क. : ती आपणहून निघाली तर जेवायला थांबवू नका.

ता. क. दुसरा : इंजिन चाळीस मिनिटांत सुरू झालं होतं. मीच गाडीत परत चढलो नाही. झाशीकडे येणाऱ्या मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात बसून माघारी आलो. आदल्या गणपतीत मराठी मंडळात तुमची बहीण बेसूर गायली होती, ते काही केल्या डोक्यातून जात नव्हतं. यादीत हे लिहिता आलं नाही, कारण मालगाडीतून असं येणं नियमाबाहेरचं, आणि त्या गटात माझे तेव्हाचे साहेब आहेत. एवढं तिला वाचून दाखवा. 'बेसूर' तेवढं गाळा.