क्रिस्पिनची रिकामी टाकी

आदरणीय कासिल्दाताई,

सोचिमिल्कोहून तुझ्या धाकट्या भावाचा, तिबुर्सिओचा, वाकून नमस्कार.

थप्प. आठवतो का तुला हा आवाज? बाबा लांब काठीला बांधलेल्या झोळीने कालव्याच्या तळचा गाळ उपसून होडीत ओतायचे, तेव्हा यायचा तो. आधी झोळी पाण्यातून सुटतानाचा एक लांब सुस्कारा आणि मग थप्प. आपण होडीच्या टोकाला बसून शिंतोडे मोजायचो (तुझ्या झग्यावरचे तू माझ्या नावावर घालायचीस). परवा मंगळवारी सकाळी, साठ वर्षांनी, हुबेहूब तोच आवाज कानावर आला, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं, म्हणून आधी तो लिहिला. तिकडे लेकीच्या घरी तुझे गुडघे कसे आहेत? ओफेलिया जावयासमोर तुला तिखट खाऊ देते ना? आम्ही इकडे ठीक. क्रिस्पिनही ठीक, आपल्या टाकीत आहे. हे पहिल्यांदाच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा रक्तदाब चढायला नको.

झालं असं, की शेजारच्या बाल्तासारचा गाळ उपसायचा पंप बंद पडला. मेलेल्यांच्या सणाचा झेंडू तर आत्ताच पेरायला हवा. म्हणून त्याने आजोबांची जुनी झोळी माळ्यावरून काढली. तो गाळ उपसून माझ्या वाफ्यावर पसरत होता, आणि मी तुझ्या सूचनेप्रमाणे क्रिस्पिनची टाकी घासत होतो. क्रिस्पिनला कालव्याचं पाणी भरलेल्या बादलीत ठेवलं होतं. (शहरातली माणसं आपल्या अहोलोतेला, म्हणजे या पाणसरड्याला, अ‍ॅक्सोलॉटल म्हणतात आणि फोटो काढायला दोन तास होडीत बसतात. इथे तो बादलीत बसतो.) तेवढ्यात तो आवाज आला. त्या आवाजापाठोपाठ शाळेतल्या ओतिलियाबाई आल्या, त्यांची फूटपट्टी आली आणि त्यांनी स्वतः रचलेली बगळ्याची कविता आली: "बगळ्या, तुझी सावली रोज पाण्यात बुडते, मग तू कसा कोरडा?" तिसऱ्या कडव्यापर्यंत मी व्यवस्थित गेलो. चौथं मला शाळेतही येत नव्हतं. ते आठवत उभा असताना बाल्तासार म्हणाला, की डॉन तिबुर्सिओ, चिखल घट्ट होतोय, वाफ्यावर थोडं पाणी सोडा. मी हाताशी होती ती बादली उचलली आणि सोडलं. वाफ्याला ऊन लागू नये म्हणून वर बोरूच्या काड्या अंथरल्या, टाकीत ताजं पाणी भरलं आणि समाधानाने कॉफी प्यायलो.

दुपारी गांडूळ घेऊन टाकीपाशी गेलो, तर कोणी वर येईना. दगड उचलले, शेवाळ उपसलं. टाकी रिकामी. ताई, त्या क्षणी मला तू दिसली नाहीस, अन्सेल्मोभाऊजी दिसले. शेवटच्या आजारपणात पाण्यात बोटं बुडवून बसायचे ते, आणि हा त्यांच्या बोटांवर हनुवटी टेकायचा. त्यांच्या हातचं जिवंत असं तुझ्याकडे एवढंच उरलंय, आणि ते तू माझ्यासारख्या माणसाच्या भरवशावर ठेवून गेलीस.

बादलीची आठवण मला अजिबात झाली नाही. आठवलं ते भलतंच. त्या सकाळी गल्लीतली डोन्या चोले मक्याची सालं धुवायला आपल्या टाकीशेजारच्या हौदावर आली होती. मंगळवारी ती मासे मिरचीसकट सालांत गुंडाळून तव्यावर भाजते आणि धक्क्यावर विकते. आता तूच सांग, आपली आजी त्या सालांत काय गुंडाळायची? अहोलोतेच की. (आणि तू दोन खायचीस. हे क्रिस्पिनसमोर मी कधी बोललो नाही.) तेव्हा मी धक्क्यावर तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि अत्यंत सभ्य शब्दांत, थेट आरोप न करता, एवढंच विचारलं, की आज माशांत काही मोठं लागलं का.

तिने टोपली माझ्यासमोर ठेवली आणि एकेक पुडकं सोडायला लागली. हा मासा. हाही मासा. गिऱ्हाइकं उभी होती, होडीवाले थांबले होते, आणि चोले चाळीसच्या चाळीस पुडकी सोडून मला दाखवत होती. शेवटचं सोडल्यावर म्हणाली, "तुझ्या बहिणीचा नवरा गेला तेव्हा नऊ दिवस तुमच्या घरी स्वयंपाक मी केला. आणि आता त्याचं पोर मी भाजून खाईन?"

मला खाली बसावंसं वाटलं. बसलोच. मग तिनेच मला पाणी दिलं, शाल कमरेला खोचली आणि निघाली. तिच्यामागे गिऱ्हाइकं निघाली, सोडलेले मासे खात खात. अख्ख्या गल्लीने आपला हौद उपसला, होड्या उलट्या केल्या, एकाने तर माझे बूटही झटकून पाहिले. शेवटी चोलेनेच विचारलं, की टाकी घासताना त्याला ठेवलं कशात होतं. मी म्हटलं, बादलीत. ती म्हणाली, बादली कुठाय. बादली वाफ्याच्या कडेला आडवी पडली होती.

आणि वाफ्यात बाल्तासार होता. चिखल आळला होता, आणि तो बी टोचायला सुरीने चौकोन पाडत होता. निम्मा वाफा झाला होता. आम्ही सगळे एकदम ओरडलो, तसा त्याचा हात जागीच थांबला. पुढचा बोरू उचलला तर चिखलात दोन छोटे डोळे, गालांवर मिटलेली कल्ल्यांची पिसं आणि तेच ते हसू. चोलेने दोन्ही हात ओले करून त्याला उचललं. पाण्यात सोडल्यावर पिसं हळूहळू फुलली. मी रडलो, ताई. बाल्तासारही रडला, पण तो चिखलाचा हात डोळ्याला लागला म्हणतो.

आज गुरुवार, आणि दोन दिवस मी दारोदार आभार मानत फिरतोय. कोणी मला वेडा म्हटलं नाही (तोंडावर). चोलेला मी बगळ्याची कविता म्हणून दाखवायला निघालो होतो, तिने तेवढं नको म्हटलं. तुझेही आभार. माझ्यावर कोणी काही सोपवावं, असं मला फार वर्षांत वाटलं नव्हतं.

तुझा ऋणी भाऊ,
तिबुर्सिओ

ता. क. क्रिस्पिन ठीक आहे असं वर लिहिलंय, ते खरंच. फक्त उजव्या मागच्या पायाची दोन बोटं सध्या नाहीत. बाल्तासारचा हात थांबला, पण किंचित उशिरा. त्यांना बोटं पुन्हा फुटतात हे तुला माहीतच आहे. दीड-दोन महिने.

ता. क. २. तेव्हा गुडघ्यांची घाई करू नकोस. दीड-दोन महिने अगदी निवांत राहा. पत्र लिहायचं खरं कारण हेच.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार, तोच धक्क्याला होडी लागली. चोले कोणाला तरी हात देऊन उतरवतेय आणि माझ्याकडे बघत नाहीये. दोन काठ्या, तुझी निळी शाल. ताई, दार उघडतो आणि हे पत्र आधी तुझ्या हातात देतो. उभ्यानेच वाच. टाकीकडे नंतर जा.