सावित्रीचा चढता ग्राफ

८ जुलै, मंगळवार
आजपासून मी डेटावाला. ठरलं. क्लासच्या अंकिता मॅडम म्हणाल्या, एमआयडीसीतल्या एका लॅबला 'आर' येणारा पोरगा पायजे. आर म्हणजे आकड्यांचा प्रोग्रॅम. रविवारपर्यंत स्वतः डेटा शोधून, लोड करून, ग्राफ काढून दाखवायचा. दोन दिवसांत उडवतो.
मामाला सांगितलं. मामा दुकानात गूळ फोडत होता. म्हणाला, हर्षद, पयला वरच्या फळीवरचा साबण उतरव, मग काय तो डेटा.

९ जुलै
नेटवरून पावसाची फाईल घेतली. लोड होत नाय. आर म्हणतंय, अशी फाईलच नाय. माझ्या डोळ्यांसमोर हाय. सगळी लाल अक्षरं. लॅपटॉप फुटतोय काय असं वाटलं, बंद केला.
दुपारी मॅडमना फोन. म्हणाल्या, फाईल डाउनलोडमध्ये हाय आणि तू शोधतोयस डॉक्युमेंटमध्ये. मला म्हाईत होतं, फक्त खात्री करून घेतली.
लोड झाली. सगळे आकडे एकाच रकान्यात. फाईल भिकार हाय.

१० जुलै
मॅडम म्हणाल्या, आरच्या पोटातच सरावाचा डेटा भरलेला असतो. मग कालपर्यंत गप का बसल्या?
यादी काढली. पाकळ्यांची लांबी, कोंबडीच्या पिल्लांची वजनं, जुन्या गाड्यांचं मायलेज. आणि नाईल. इजिप्तची नदी, शंभर वर्षांचं पाणी. नाव टाकलं की हजर.
ग्राफ खालीवर, मजा नाय. मधले आठच आकडे कापले. ७९९ वरून चढत चढत १२६०. सालं पुसली. वर लिहिलं, सावित्री नदी, महाड. माझ्या टेम्पोवाल्या दोस्ताला, उझैरला पाठवला. फक्त उझैरला. परवा मला नाते गावच्या फाट्यावर उतरवून त्यानं टेम्पो पळवला होता. फिटंफाट.

११ जुलै, सकाळी ८
पाऊस थांबत नाय. उझैरनं ग्राफ टेम्पोवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. फोन केला तर म्हणतो, लोकांच्या कामाचं हाय रे. मी खरं सांगणार होतो. रेंज गेली. म्हणजे मी फोन ठेवला.

१०.०५
व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर पण आला. बाजारपेठेत माल माळ्यावर चढायला लागला. आमच्या महाडात पाण्याचं नाव काढलं की माणूस आधी पोती उचलतो, मग विचारतो. आज तर विचारलं पण नाय. १२६० कसले, फूट का लिटर? मला पण म्हाईत नाय.

११.३०
मामानं शटर अर्धं ओढलं. तांदूळ, साखर, डाळ सगळं वर. चाळीस पोती. मीच चढवली. नदी इजिप्तची, पाठ माझी.

१२.४५
शेजारच्या राहीबाई शिलाईवाल्या. मागच्या पुरात त्यांचं मशीन गेलं होतं. नवीन मशीन एकट्याच जिन्यावरून ओढत होत्या. मी धरलं, म्हटलं, काकू, काय पाणी येत नाय. म्हणाल्या, तुला रे काय कळतंय, ग्राफ आलाय.
खाली उतरताना त्यांचा पाय घसरला. थोडक्यात वाचल्या. मी त्यांना पायरीवर बसवलं, पाणी आणून दिलं.

२.००
पोलिसांची गाडी भोंगा लावून फिरली. अफवा पसरवणाऱ्यावर गुन्हा दाखल होणार. माळ्यावर चढून मोबाईल तांदळाच्या पोत्यात खुपसला. पाच मिनिटांत पोतं वाजायला लागलं. मॅडम. उचलला नाय.
ठरलं. चारच्या एसटीनं पोलादपूरला आईकडे.

४.३०
एसटी जाऊ दिली. घाबरून नाय. छत्री नव्हती.

१२ जुलै, शनिवार
पाणी काय आलं नाय. सकाळी हवालदार भरत शिंदे चौकशीला दुकानात. मामा, उझैर, राहीबाई सगळे तिथंच. पुढं झालो. बोललो. तो ग्राफ मी काढला. सावित्रीचा नाय, नाईलचा हाय.
 आधी मामा हसला. उझैर इतका हसला की चहा सांडला. हवालदारानं विचारलं, शिक्षण किती? मामा म्हणाला, बारावी, गणितात दोनदा गेलाय साहेब. हवालदार म्हणाले, हे कोणीतरी शिकलेल्या माणसाचं काम हाय, टाईमपास करू नकोस.
लॅपटॉप दाखवतो म्हटलं. लॅपटॉप पण काल मीच माळ्यावर चढवलेला, पोत्यांच्या खाली.
हवालदार गेले. गुन्हा नाय, काय नाय. सुटलो. मग असं रडू का येतंय?
राहीबाईंनी पाठीवर हात फिरवला. म्हणाल्या, पोरा, दुसऱ्याचं आपल्या नावानं सांगू नये रे.
मामा म्हणतोय, पोती उतरव.